उदाहरणादाखल दिलेला पत्ता

ऑफिसात तिला सगळे तळटीपबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते थोडं आवडायचंही. सॉफ्टवेअर तयार करणारे वेगळे. ते कसं वापरायचं हे चार लोकांना समजेल अशा भाषेत लिहून काढायचं, हे हिचं काम. अठरा वर्षं ती हेच करत होती. कुठलं बटण दाबलं की काय होतं, काय होत नाही आणि गडबड झालीच तर आधी काय तपासायचं, हे तिच्या हातून पायरी-पायरीने उतरायचं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एखादी सूचना असायचीच. त्या सूचना कुणी वाचत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी ती लिहायची. सवय, दुसरं काय.

सध्या तिच्याकडे जे सॉफ्टवेअर आलं होतं त्याचं नाव 'वाहवा'. लोकांच्या ब्लॉगवर कॉमेंट टाकायचं ते साधन होतं. आपण एक कमांड लिहायची, ब्लॉगचा पत्ता द्यायचा, सूर कसा हवा ते सांगायचं, की 'वाहवा'चा एजंट त्यातला एखादा लेख वाचून खाली कॉमेंट टाकून मोकळा. एजंट म्हणजे कुणी हाडामांसाचा माणूस नव्हे. माणसासारखं वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्राम. दर वेळी नवं नाव घ्यायचा, नवी आठवण सांगायचा. ज्या कंपन्यांना आपल्या मालाचं नाव चारचौघांत हळूच पेरायचं असतं, त्यांची ही सोय. 'संवाद वाढवण्याचं साधन' असं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलं होतं आणि ते वाक्य तिचंच होतं. लिहिताना तिला काही वाटलं नाही. नोकरीत प्रत्येक वाक्यागणिक वाटून घ्यायला लागलं तर माणूस दुपारच्या चहापर्यंतही टिकायचा नाही.

पुस्तिका लिहिणाऱ्यांचा एक दंडक असतो. उदाहरणात जो पत्ता द्यायचा तो कधी खरा द्यायचा नाही. त्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेले मेलेले पत्ते असतात. ते कुठेही पोचत नाहीत आणि कुणाचं नुकसान होत नाही. नवीन मुलींना ती हा दंडक पहिल्याच दिवशी पाठ करायला लावायची. पण इथेच घोडं पेंड खात होतं. मेलेला पत्ता दिला की 'वाहवा' नुसती चूक दाखवायचं, आणि पुस्तिकेत तर झालेल्या कॉमेंटचं चित्र हवं होतं. छोटे साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. शेजारच्या टेबलावरचा ढापण्या, ज्याने तो प्रोग्राम लिहिला होता, तो चष्मा पुसत म्हणाला, "एखादा खरा ब्लॉग देऊन टाका ना. ज्याच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही असा."

तसा एक ब्लॉग तिला माहीत होता. तिच्या दादाचा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून त्याने आणि पुढे आलेल्या वहिनीने तिला वाढवलं. दादाने पस्तीस वर्षं लिफ्टदुरुस्तीचं काम केलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की बाकीचे मेकॅनिक आधी वर मोटारीकडे धावायचे. हा आधी बंद दारापाशी जाऊन उभा राहायचा आणि आतल्या माणसाशी बोलायला लागायचा. हवापाण्याचं, सासूसुनांचं, कशाचंही. जोडीदार वर खटपट करत असे आणि हा खाली गप्पा मारत असे, म्हणून सुरुवातीला लोक त्याला कामचुकार समजले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा असला की आतली माणसं ओरडत नाहीत, दार ओढत नाहीत, बेशुद्ध पडत नाहीत. त्याचा नियम एवढाच होता. आतून हाक आली की ओ द्यायची, आणि दार उघडेपर्यंत जागा सोडायची नाही.

गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आता गळ्याशी एक छिद्र होतं, त्यावर पातळ कापडाची पट्टी, आणि हातात एक पांढरी पाटी. "पस्तीस वर्षं दारांशी बोलले," वहिनी म्हणायची, "आता स्वतःच दारासारखे बसून असतात." विनोद करता करता ती उठून आत जायची. दादा जेवणावर रुसला होता. घशाचे व्यायाम करायचे नाहीत, खाली उतरायचं नाही, कुणी भेटायला आलं की पाटी उपडी करून ठेवायची.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई दवाखान्यात म्हणाल्या, लिहू दे त्यांना. म्हणून हिने एका रविवारी त्याला ब्लॉग काढून दिला. 'वर-खाली' हे नाव दादाने ठेवलं. कॉमेंट टाकायला कुणाला त्रास पडू नये म्हणून तिने सगळी दारं सताड उघडी ठेवली. नावाची खातरजमा नाही की काही नाही. दादा लिहीत गेला. त्रेचाळीस लेख झाले. कॉमेंट एकही नाही. नवा लेख टाकला की तो तिला मेसेज करायचा, "टाकलाय." ती उत्तर द्यायची, "वाचला दादा, मस्त." पहिले दोन तिने खरंच वाचले होते. तिसऱ्यापासून वेळ मिळाला नाही हे खरं, आणि वेळ काढला नाही हे जास्त खरं.

तर त्या संध्याकाळी, छोट्या साहेबांचा श्वास मानेवर येत असताना, तिने उदाहरण क्रमांक एकमध्ये दादाच्या ब्लॉगचा पत्ता टाकला. कमांड चालली. कॉमेंट उमटली. तिने चित्र घेतलं आणि ब्लॉगची किल्ली तिच्याकडेच असल्यामुळे ती कॉमेंट लगेच पुसूनही टाकली. पानाच्या तळाशी स्वतःसाठी सूचना लिहिली, 'छापण्याआधी पत्ता बदलणे'. पुस्तिका बाहेर जाताना ऑफिसापुरत्या घरगुती सूचना आपोआप गळून पडतात, तशी तीही गळून पडली. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे नवं काम होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या सूचनांवर पोट भरलेल्या बाईला स्वतःची सूचना आठवली नाही.

तीन आठवड्यांनी, बुधवारी दुपारी, वहिनीचा फोन आला.

"अगं चिंगे, ह्यांना कॉमेंट आल्यात."

"कसल्या कॉमेंट?"

"त्या ब्लॉगवर गं. कालपासून अकरा. सकाळी उठून बघते तर हे आधीच टेबलाशी. दाढी केलीय. दवाखान्यातून आल्यापासून आपणहून दाढी केली नव्हती या माणसाने. आणि सूप मागितलं. मागितलं, कळलं का? मी नाही दिलं."

"बरं झालं की," ती म्हणाली, आणि तिला खरोखर बरं वाटलं. चला, कुणीतरी वाचतंय, आपल्या डोक्यावरचं ओझं उतरलं, असंही वाटलं. ते वाटल्याची लाज तिला पुढे फार वाटायची होती.

रविवारी ती गेली. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यावरचे सगळे विनोद वहिनीने लग्नाच्या पहिल्या वर्षातच करून संपवले होते. दार उघडंच होतं. दादा खिडकीपाशी टेबलावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा कपाळावर. तिला बघून त्याने पाटी उचलली आणि लिहिलं, "बस. एकाला उत्तर देतोय. वाट बघत असेल."

टेबलावर त्याच्या जुन्या कंपनीचं एक कोरं रजिस्टर होतं. अडकलेल्या लिफ्टची नोंद मेकॅनिक ज्यात करतात तसलं. रकाने छापलेले होते: तारीख, वेळ, ठिकाण, आत किती माणसं, सुटका कधी, आणि शेवटी कळवणाऱ्याची सही. ज्याने फोन करून बोलावलं, त्याने काम संपल्यावर सही करायची, अशी पद्धत. दादा या रजिस्टरात कॉमेंट नोंदवत होता. ठिकाणाच्या रकान्यात लेखाचा क्रमांक, आत किती माणसं: एक. सुटकेच्या रकान्यात त्याने उत्तर दिल्याची वेळ. सहीचा रकाना अर्थात रिकामा.

"बघ तुझ्या भावाचा कारभार," वहिनी म्हणाली. "घरात पिठाचा डबा कुठे ते माहीत नाही, पण हे बघ कसं टापटीप." बोलताना तिचा चेहरा खुलला होता. बऱ्याच महिन्यांनी.

एका नोंदीपुढे दादाने लाल पेनाने चांदणी काढली होती. "हे काय?" तिने विचारलं. दादाने त्यावर तळहात ठेवला आणि हसला. घशातून हवा गेल्याचा बारीक आवाज आला.

तो उत्तर लिहीपर्यंत तिने आपल्या फोनवर कॉमेंट वाचायला घेतल्या. पहिली वाचली. छान होती. दुसरी वाचली. तिसरीच्या मध्यावर तिचं बोट थांबलं. 'तुमचं म्हणणं अगदी पटलं. आमच्या इमारतीतही एकदा असंच झालं होतं. तुम्हाला कधी भीती वाटली का?' चौथी तशीच. पाचवी तशीच. आधी पटणं, मग आठवण, मग प्रश्न. पुस्तिकेच्या चौथ्या पानावरचं वाक्य तिला तोंडपाठ होतं, कारण ते तिने सातदा घासूनपुसून लिहिलं होतं: 'चांगल्या कॉमेंटचे तीन भाग असतात. लेखकाशी सहमती, स्वतःची एखादी आठवण, आणि शेवटी एक प्रश्न.'

"चहा टाकू का?" वहिनीने विचारलं.

"टाक," ती म्हणाली.

सोमवारी ऑफिसात येताच तिने पुस्तिका उघडली. उदाहरण क्रमांक एक. दादाचा पत्ता तिथे ठळक अक्षरात होता. तिने ढापण्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते पहिलं उदाहरण लोक चालवून बघतात का रे?"

"लोक कशाला बघतील," तो म्हणाला. "लोकांनी काम एजंटांवर सोपवलंय. ज्याने 'वाहवा' घेतलं त्याचा एजंट आधी तुमची पुस्तिका वाचतो. पहिल्या पानावर तुम्हीच लिहिलंय ना, सुरुवातीला हे उदाहरण एकदा चालवून पाहा म्हणून? ते बिचारे सांगितलेलं ऐकतात. पहिल्या अक्षरापासून वाचतात हो. तळटीपांसकट."

अठरा वर्षांत तिला मन लावून वाचणारा वाचक मिळाला होता, आणि तोच तिच्या भावालाही मिळाला होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे दळणारंही कुणी नव्हतं आणि खाणारंही.

"पत्ता चुकलाय का काही?" ढापण्याने विचारलं. "ओळ बदलायची तर सांगा. दोन मिनिटांचं काम."

"सांगते," ती म्हणाली.

तिने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. दर सकाळी ती ते पान उघडायची आणि मिटायची. ओळ बदलली की कॉमेंट थांबणार. कॉमेंट थांबल्या की दादा पुन्हा पाटी उपडी घालून बसणार. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तोवर जाऊ दे, तेवढं वजन वाढू दे, अशी ती स्वतःची समजूत घालायची. वहिनी फोनवर सांगत होती, आज खाली फिरून आले, आज घशाचे व्यायाम केले, आज अर्धी पोळी मऊ करून खाल्ली. त्या अर्ध्या पोळीपुढे पुस्तिकेतल्या एका ओळीचं काय मोठंसं? असं तिला वाटायचं, आणि मग संध्याकाळी घरी जाताना वाटायचं, आपण भावाला भातुकलीतलं जेवण वाढतोय आणि तो ते खरं समजून जेवतोय. अळीमिळी गुपचिळी. दोन्ही वाटण्यांवर तिने हाच उपाय केला.

एवढं होऊनही दादाचे लेख तिने वाचले नव्हते. कॉमेंट मात्र ती रोज मोजत होती.

मग एका रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

"तू ये. हे काल दुपारपासून खुर्चीवरून उठलेले नाहीत. औषध नाही, पाणी नाही, पट्टी बदलू देत नाहीत. कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय म्हणतात. मला सतरा ठिकाणी फोन करायला लावले. जुनी कंपनी, अग्निशमनवाले, कुणी म्हणून सोडलं नाही. कुणाला काही माहीत नाही. चिंगे, मला भीती वाटते गं."

तिसऱ्या मजल्यापर्यंत ती धापा टाकत चढली. दादा टेबलाशी होता. शर्ट कालचाच. डोळे लाल. गळ्यावरची पट्टी ओली होऊन एका बाजूला सरकली होती. ती जवळ गेली तरी त्याने मान वळवली नाही. नुसती स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

शनिवारी दुपारी आलेली कॉमेंट होती. 'तुमचा लेख वाचून धीर आला, तुम्ही म्हणता ते पटतं. मी हे आत्ता एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बसून वाचते आहे. चाळीस मिनिटं झाली, दिवेही गेले आहेत. माझ्या दाराबाहेर तुमच्यासारखं कुणी असेल का?'

सहमती, आठवण, प्रश्न. एजंटाला सांगितलं होतं तेवढंच त्याने केलं होतं. आठवण जरा ताजी घेतली होती, इतकंच.

खाली दादाची उत्तरं होती. एकाखाली एक, दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने.

'मी आहे. घाबरू नका. दाराला हात लावू नका. खाली बसा.'

'लिफ्ट अशी पडत नाही. पस्तीस वर्षांत मी एकही पडलेली पाहिली नाही. हवा येत असते, गुदमरणार नाही.'

'इमारत कुठली तेवढं लिहा. नाव नाही आठवलं तर समोर काय दिसतं ते लिहा.'

'बॅटरी जपा. उत्तर दिलं नाही तरी चालेल. मी बोलत राहतो, तुम्ही नुसतं वाचा. माझी एक बहीण आहे, तिची गंमत सांगतो.'

ती पुढे वाचू शकली नाही. बोट सरकवत शेवटाला आली. शेवटचं उत्तर त्याच सकाळचं होतं. 'उजाडलं आहे. मी इथेच आहे.'

वहिनी दारात पदराने तोंड धरून उभी होती. दादाने पाटी उचलली. त्याने लिहिलं, "तुझ्या ऑफिसात कळेल का, कॉमेंट कुठून आली ते? बाई एकटी आहे."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"दादा, आत कोणी नाहीये."

त्याने पाटीवर लिहिलं, "कशावरून?"

मग तिने सांगितलं. तिच्या कामाची भाषा अशी, की ती सांगायला लागली तर पायरी-पायरीनेच सांगणार. 'वाहवा' काय आहे. एजंट म्हणजे काय. पहिलं उदाहरण. मेलेल्या पत्त्यांचा दंडक, छोटे साहेब, घड्याळ. गळून पडलेली सूचना. तिला हे कधी कळलं, आणि कळल्यावर किती दिवस ती गप्प बसली. तेही तिने सांगितलं, गाळलं नाही. दादा ऐकत होता. तो ऐकतो तेव्हा डोकं थोडं पुढे झुकवतो, बंद दाराला कान लावल्यासारखं. ती सवय त्याची गेली नव्हती.

"म्हणजे सगळ्याच?" वहिनीने विचारलं. "त्या परवाच्या मास्तरीणबाई? तो मुलगा परदेशी गेलेला, तो?"

"सगळ्याच, वहिनी."

"माणूस एकही नाही?"

"नाही."

वहिनी आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. नुसतंच पाणी वाहत होतं.

दादाने पाटी पुसली. पुन्हा पुसली, ती स्वच्छ असूनही. मग त्याने रजिस्टर ओढून घेतलं, पानं मागे उलटली आणि लाल चांदणीच्या ओळीवर बोट ठेवलं. ठिकाण: लेख चार. स्क्रीनवर त्याने तो लेख उघडला आणि त्याखालची कॉमेंट तिला दाखवली. 'फार खरं लिहिलंय. मीसुद्धा लहानपणी अशीच अडकले होते, बाहेरून कुणीतरी बोलत होतं म्हणून रडले नाही. तुम्हाला ती मुलगी अजून आठवते का?'

कॉमेंटच्या वर लेख होता. तिने तो आता, पहिल्यांदा, वाचला.

दादाने लिहिलं होतं, की तो नुकताच कामाला लागला होता आणि घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून सहा वर्षांच्या बहिणीला बरोबर घेऊन गेला होता. त्याची पाठ वळली आणि ती लिफ्टमध्ये शिरली. दोन मजल्यांच्या मध्ये दोन तास. 'मला गोष्टी येत नव्हत्या. म्हणून मी हातातल्या पिशवीत काय काय आहे ते तिला सांगत बसलो. पाना, पक्कड, तेलाची बाटली, फडकं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच थांबलो तर आतून म्हणायची, दादा, बोल ना. बोलायचं काम मी तिथे शिकलो. ती आता मोठ्या ऑफिसात लिहायचं काम करते. तिला हे आठवतं का, ते विचारायचं राहून गेलं.'

पाना, पक्कड, तेलाची बाटली, फडकं. तिला आठवलं. काळोख आठवला, गुडघ्यांना लागलेला गार पत्रा आठवला, आणि दाराच्या फटीतून येणारा तो आवाज, जो आता जगात कुठेच नव्हता. लेखावर तारीख सहा महिन्यांपूर्वीची होती. तिला हेही आठवलं, की या लेखालाही तिने उत्तर दिलं होतं. वाचला दादा, मस्त.

दादा पाटीवर लिहीत होता. हळूहळू, एकेक अक्षर. मग त्याने पाटी तिच्यासमोर धरली.

"ही तरी तूच ना?"

त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. वहिनी पाणी बंद करून दारात येऊन उभी राहिली होती. हो म्हणणं किती सोपं होतं. नाव बदलून लिहिलं होतं दादा, संकोच वाटला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आतापर्यंत आलेल्या दोनशे सतरा कॉमेंटांतली एक तरी खरी झाली असती. तिच्या ओठांवर ते आलंही. पण तेही 'वाचला दादा, मस्त' याच जातीचं होतं, आणि तसलं सहा महिने वाढून तिने त्याला इथवर आणून बसवलं होतं.

"नाही, दादा," ती म्हणाली. "ती पण मी नव्हते. मी लेख आत्ता वाचला."

दादाने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने पाटी टेबलावर उपडी ठेवली. वहिनीने पुढे होऊन त्याच्या गळ्यावरची ओली पट्टी काढली, नवी बांधली. त्याने बांधू दिली. तोवर तिने ढापण्याला मेसेज केला, ओळ बदल. त्याचं उत्तर लगेच आलं. खरोखरच दोन मिनिटांचं काम होतं.

मग दादाने पेन उचललं. रजिस्टरातल्या शेवटच्या ओळीत, शनिवारच्या हाकेपुढे, 'आत किती माणसं' या रकान्यातला एक त्याने खोडला आणि शून्य घातलं. सुटका कधी, तिथे आडवी रेघ. त्यानंतर तो वरच्या ओळीवर गेला. एक खोडला, शून्य. त्याच्या वर. पान संपलं, मागचं पान. घाई न करता, काम बंद करून हत्यारं पिशवीत भरावीत तसं तो करत गेला. चांदणीच्या ओळीपाशी त्याचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिथेही त्याने शून्य घातलं.

पहिल्या नोंदीपर्यंत पोचल्यावर त्याने रजिस्टर फिरवून तिच्यापुढे सरकवलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. कळवणाऱ्याची सही. पेन तिच्या हातात दिलं.

"अहो, राहू द्या आता," वहिनी म्हणाली. "सूप गरम केलंय. आधी दोन घोट घ्या."

दादाने हाताने थांब अशी खूण केली.

तिने पहिल्या ओळीपुढे सही केली. मग दुसऱ्या. दोनशे सतरा होत्या. अक्षर मध्येच बिघडायला लागलं, डोळ्यांपुढच्या रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या, तेव्हा तिने एकदा डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केलं. सूप निवून गेलं. वहिनीने ते परत गरम केलं, ते परत निवलं. दादा तिच्या शेजारी बसून होता, डोकं किंचित पुढे झुकवून. सगळ्या सह्या होईपर्यंत तो जागेवरून उठला नाही.